बाबारावांचा हव

चौथा गिअर पडला तसे बाबारावांनी डोळे मिटून घेतले. कानांत स्टेथोस्कोपच्या नळ्या होत्या, नळीचं दुसरं टोक डॅशबोर्डखालच्या भोकातून इंजिनाकडे गेलं होतं आणि शेजारी हेल्मेट घातलेला नीलेश नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर जीव खाऊन गाडी पळवत होता. टर्बो भरला की पाठ सीटमध्ये रुतते, तशी ती रुतली. पायाखालचा पत्रा थरथरला, मांड्या थरथरल्या, दातसुद्धा वाजले. कानांत मात्र काही आलं नाही. म्हणजे आलं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं. गेली दोन वर्षं दोन्ही कानांत एक बारीक शिट्टी मुक्कामाला आली होती आणि घर न सोडणाऱ्या भाडेकरूसारखी ती काही केल्या हलत नव्हती.

गाडी थांबली. उद्याच्या शर्यतीच्या आयोजकांनी सरावासाठी सकाळी तासभर हा पट्टा बंद करून दिला होता, त्या तासातली ही तिसरी आणि शेवटची फेरी. श्रीपाद खिडकीपाशी आला. श्रीपाद म्हणजे गॅरेजचा मालक आणि या गाडीचाही. साठीला टेकला होता, पण शर्यत म्हटली की अजून टोपी उलटी घालायचा.

"बोला बाबाराव," तो वाकून म्हणाला. "हव?"

नीलेशनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. रस्त्याकडेला घडीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेल्या अनुश्रीनं मान वर केली. बाबारावांनी नळ्या कानांतून काढल्या, शर्टाच्या टोकानं पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या.

"इंजिन थंडं होऊ द्या," ते म्हणाले. "सांजच्याला सांगतो."

हव सांगायला त्यांनी आजवर कधी संध्याकाळ लावली नव्हती. श्रीपादनं टोपी काढून सरळ घातली.

"सर, चौथ्यात पाच हजारच्या वर नॉक दिसून राहिला आहे," अनुश्री म्हणाली. भिलाईची ही इंजिनिअर मुलगी यंदाच कामाला लागली होती. "एक बार नहीं, तीन बार. पंच्याण्णव ऑक्टेनवर इतका बूस्ट नाही झेपणार."

"तुह्या लॅपटॉपले सगळंच नॉक दिसते," श्रीपाद म्हणाला. "मागं गिट्टी उडून पत्र्याले लागली, तेही नॉकच दिसलं होतं. माह्यापाशी कान आहे बाबारावांचा. ते सांगतील."

आता हे ऑक्टेन काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे, कारण निम्म्या रायपूरला ते उलटं ठाऊक आहे. लोकांना वाटतं, ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल तिखट, भडकन पेटणारं. समता कॉलोनीतले हौशी लोक बायकोच्या स्कूटीत महागातलं पेट्रोल भरून "पिकअप वाढला" म्हणत फिरतात. गाढवाला गुळाची चव काय, असं बाबाराव त्यांच्या तोंडावर म्हणत. खरं तर ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल सोशीक. दाबा, तापवा, आणखी दाबा, ठिणगीनं पेटवेपर्यंत ते पेटत नाही. साध्या गाडीला एवढ्या सोशीकपणाचं काम नसतं. टर्बोच्या इंजिनात मात्र हवा कोंबून कोंबून भरलेली असते, त्या दाबालाच बूस्ट म्हणतात, आणि तिथे कमी ऑक्टेनचं पेट्रोल कोणाची वाट न बघता आपणच पेट घेतं. तो अवेळीचा भडका पिस्टनच्या डोक्यावर हातोडीसारखा बसतो. यालाच नॉक म्हणतात. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात मूठभर फुटाणे हलवल्यासारखा येतो, पण फार बारीक. एवढ्या गदारोळात तो वेगळा ऐकणारा माणूस लाखात एखादा, आणि समता कॉलोनीतल्या श्रीपादच्या गॅरेजात तो एक होता.

ही गाडी शंभर ऑक्टेनवर बेतलेली होती. शंभरचा ड्रम पुण्याहून निघाला होता आणि कागदपत्रं अपुरी म्हणून वाटेत कुठल्याशा नाक्यावर अडकला होता. हाती होतं ते पंच्याण्णव. बूस्ट कमी केला तर पंच्याण्णवही चाललं असतं, फक्त गाडी अर्धा सेकंद मागे पडली असती. पण पाव मैलाच्या शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे सगळंच, आणि उद्या परदेशी पार्टच्या कंपनीची माणसं श्रीपादला छत्तीसगडची एजन्सी द्यायची की नाही ते बघायला येणार होती.

हव हा शब्द मुळात बाबारावांचा नव्हे. ते आर्वीकडचे, वडील रेल्वेत होते म्हणून इकडे आलेले. बाविसाव्या वर्षी ते श्रीपादच्या वडिलांच्या हाताखाली कामाला लागले, तेव्हा गॅरेजात नत्थू उस्ताद होता. नत्थू लोखंडी सळईचं एक टोक इंजिनावर टेकवायचा, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून बसायचा. मग म्हणायचा, "हव." छत्तीसगढीत हव म्हणजे हो. तो हव मिळाल्याशिवाय त्या गॅरेजातली गाडी किंवा मोटरसायकल शर्यतीला सुटत नसे. श्रीपादच्या वडिलांनी पाटीवरच रंगवून घेतलं होतं: यहाँ हव मतलब हव.

कामाला लागून तीन वर्षं झाली तेव्हा नत्थूनं बाबारावांना मागच्या हौदापाशी नेलं.

"मोला नइ सुनावय, बाबू," तो म्हणाला. ऐकू येत नाही. "नॉक होही त मोर गोड़ ल दबा देबे."

गोड़ म्हणजे पाय. पुढची चार वर्षं नत्थू सळई लावून डोळे मिटायचा आणि बाबाराव शेजारी उकिडवे बसून स्वतःच्या कानांनी ऐकायचे. नॉक आला की ते नत्थूच्या पायाच्या अंगठ्यावर आपला अंगठा दाबत. दाबला तर नत्थू मान हलवी, नाही दाबला तर हव. तो वारला तेव्हा सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, लोटला होता आणि जो तो त्याच्या कानाबद्दल बोलत होता. बाबारावांनी खांदा दिला आणि तोंड मिटून घेतलं. त्यांना त्यात कधी लबाडी वाटली नाही, उलट गुरूची सेवा वाटली. स्मशानातून परत आल्यावर श्रीपादच्या वडिलांनी सळई त्यांच्या हातात दिली. पुढे तिच्या जागी बाबारावांनी तांब्याचा पाईप चपटा करून इंजिनाला बोल्टनं बसवला, शेजारच्या क्लिनिकमधून टाकून दिलेला स्टेथोस्कोप आणला, आणि नत्थूपेक्षाही त्यांचं नाव मोठं झालं.

आणि आता त्यांच्या स्वतःच्या पायाचा अंगठा दाबणारं कोणी नव्हतं.

दुपारी ते वर जेवायला गेले. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. मुलगी रूपाली लग्न होऊन वर्ध्याला गेल्यापासून ते आणि बायको सुशीला अशी दोघंच होती, पण पानं मात्र रोज तीन मांडली जात. नीलेश अभनपूरचा, रोज जाऊन येऊन करणारा. सुशीलेनं पहिल्याच आठवड्यात त्याचा डबा बंद करून टाकला होता.

"काकू, थोड़ा भात और," नीलेश म्हणाला. त्याच्या घरी मराठी बोलत, त्याला सगळी समजे, पण तोंड उघडलं की हिंदीच निघे.

"घे ना. लाजून काहून राहिला?" सुशीलेनं भातावर वरण ओतलं. "उद्या उपाशी नको बसू त्या डब्यात."

"कल तो काका का हव खा के बैठूँगा." तो हसला. "काका, इंजन के आवाज़ में मुझे कुछ सुनाई नहीं देता. मैं तो बस आपका मुँह देखता हूँ. होंठ हिले कि मैंने छोड़ी गाड़ी."

अनुश्री काय म्हणते ते तुला माहीत आहे का, असं बाबारावांनी विचारलं. माहीत होतं. अनुश्री दीदी सकाळी सांगून गेली होती.

"पर काका का हव मतलब हव," नीलेश म्हणाला आणि हात धुवायला उठला.

तो खाली गेला तशी सुशीला उठून नवऱ्याच्या अगदी समोर येऊन बसली. बाजूनं बोललेलं याला कळत नाही हे तिनं सगळ्यांआधी ओळखलं होतं, आणि त्याविषयी अवाक्षर न काढता ती दोन वर्षं समोर बसून बोलत होती.

"सकाळी काय ऐकलं?"

"काही नाही."

"काही नाही म्हंजे नॉक नाही, का काहीच नाही?"

बाबारावांनी भाताचा घास कालवला आणि तसाच ठेवला.

"सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणाली.

"सांगून जाऊ कुठं? हात थरथरून राहिले, म्हणून नटबोल्टाचं काम पोट्ट्यांनी घेतलं. कार्बोरेटर माह्यासारखं कोणी बसवत नव्हतं, तर कार्बोरेटरच गेले. राहिला होता कान. तोही नाही म्हटलं तर मी इथं कशाचा?"

"अन् तो पोट्टा? गेल्या वर्षी काय झालं ते इसरले का?"

विसरणार कसे. गेल्या वर्षी परगावच्या शर्यतीत बाबारावांनी असंच, काही न ऐकता, हव म्हटलं होतं. अर्ध्या वाटेत तिसरा पिस्टन वितळून फुटला, तेल टायरखाली आलं, गाडी तीन गिरक्या घेऊन कठड्यापासून दोन हातांवर थांबली. नीलेश हसत बाहेर आला. श्रीपाद म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ होती, वाटेत भरलेलं ते पेट्रोलच खराब. बाबारावांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची त्यांना आजही शिसारी येत होती. कठड्यापर्यंतचे ते दोन हात त्यांनी दुसऱ्या दिवशी एकट्यानं जाऊन खरोखर हातांनी मोजले होते, हे त्यांनी सुशीलेलाही सांगितलेलं नव्हतं.

चार वाजता अनुश्रीनं त्यांना गाडीपाशी बोलावलं. बॉनेट उघडं होतं. तीही येऊन नेमकी समोर उभी राहिली.

"काका, ही नळी बघा," ती हळू आवाजात, पण ओठ नीट हलवत म्हणाली. "तांब्याच्या पाईपावरून निघालेली होती. खाली लोंबत होती."

"आत्ता?"

"सकाळपासून. पहिल्या फेरीनंतरच मला दिसली. वाटलं, तुम्ही आत्ता म्हणाल, अनुश्री, काही ऐकू येऊन नाही राहिलं, नळी बघ. दुसऱ्या फेरीनंतर वाटलं, आता म्हणाल. तीनही फेऱ्या तुम्ही डोळे मिटून ऐकून राहिले होते."

बाबारावांनी नळीचं टोक बोटांत धरलं. उष्णतेनं रबर चिकट झालं होतं. इंजिनाला जोडलेलीच नसलेली नळी कानात घालून ते तीन वेळा ध्यान लावून बसले होते, आणि ही पोरगी बाहेरून सगळं बघत होती. लाज वाटावी इतकी ती गोष्ट हास्यास्पद होती.

"कोणाले सांगितलं?"

"नाही. अन् सांगणार पण नाही." ती थोडी जवळ आली. "काका, असं करू. यापुढे मी तुमच्या बाजूला उभी राहीन. लॅपटॉपवर नॉक दिसला की तुमच्या खांद्याला हात लावीन. नाही लावला तर हव म्हणा. किसी को पता नहीं चलेगा."

बाबारावांना एकदम हलकं वाटलं. किती सोपं होतं. नत्थूला मिळालं तेच त्यांना मिळत होतं, न मागता. नाव शाबूत, खोल्या शाबूत, पोराचा जीवही शाबूत. आणि लगेच त्यांच्या डोळ्यांपुढे नत्थूशेजारी उकिडवे बसलेले पंचविशीतले ते स्वतः आले. चार वर्षं ऐकणारे कान त्यांचे होते आणि उस्ताद नत्थू होता. तेव्हा गोड वाटलं होतं, कारण पुढे सळई आपल्या हाती येणार हे ठाऊक होतं. या मुलीच्या हाती काय येणार होतं? तिनं शिकून, कष्टून आकडा काढायचा आणि तो यांनी डोळे मिटून आपला म्हणून सांगायचा.

"आकडा खरा आहे ना तुहा?" त्यांनी विचारलं.

"खरा आहे काका. गिट्टी नाही ती."

"मग चाल. मी सांगतो त्याले."

श्रीपादच्या केबिनमध्ये ते एकटेच गेले. उभ्याउभ्याच म्हणाले, "पंच्याण्णववर नाही चालणार भैया. बूस्ट कमी करा."

श्रीपादनं फोन बाजूला ठेवला, उठून दार लावलं आणि परत येऊन समोर बसला. तोही अगदी समोर. बाबारावांना वाटलं, आज सगळं गाव आपल्या समोरच येऊन बसतंय.

"कोणाच्या कानानं ऐकलं?" श्रीपादनं विचारलं.

बाबारावांचा हात नकळत कानाकडे गेला.

"मले दोन वर्षांपासून माहीत आहे, बाबाराव. अंगणात ट्रक मागं येऊन राहिला होता, बझर वाजवत. सगळे बाजूला झाले. तुम्ही चहा पिऊन राहिले होते. नीलेशनं ओढलं तुमाले."

"मग बोलले काहून नाही?"

"कशाले बोलू? बाबांच्या हाताखालचे तुम्ही. तुमचा मान आहे या गॅरेजात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कधी कोणाले कळू दिलं?"

तो हे खरंच मायेनं बोलत होता, आणि त्यातच सगळी मेख होती. दोन वर्षं श्रीपाद लॅपटॉपला झिडकारून त्यांच्या कानाचं कौतुक का करत होता, ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं. मशीन कधी हो म्हणतं, कधी नाही. ऐकू येणारा माणूसही कधी हो म्हणतो, कधी नाही. ज्याला ऐकूच येत नाही आणि ते लपवायचं असतं, तो मात्र कायम हव म्हणतो. असा माणूस मालकाला हवाच असतो.

"गेल्या वर्षी पिस्टन गेला," बाबाराव म्हणाले.

"गेला, दुसरा बसवला. माणूस तर नाही गेला ना? आपले पोट्टे असेच शिकतात. तुमी उद्या नुसतं हव म्हणा, बाकी मी पाहून घेतो. नीलेश दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही, नाहीतर तुमाले त्रासही नसता दिला." श्रीपाद उठला, त्यानं बाबारावांच्या पाठीवर हात ठेवला. "अन् वहिनीले सांगा, वरच्या खोल्यांचं छत या पावसाआधी पक्कं करून घेतो. तुमी काय, जन्मभर इथंच राहणार."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान कुठे पडायचं ते माणूस निवडतो. बाबारावांना गालिचा अंथरून आडात उतरवलं जात होतं. जिना चढताना त्यांनी ठरवून टाकलं की उद्या हव म्हणायचं. आजवर म्हटलेच आहेत. दोन हात अंतर राहिलं होतं, उद्याही राहील. सुशीलेला त्यांनी छताचं सांगितलं.

रविवारी अकराला पट्ट्यावर उन्हाचा कहर होता. चैत्राचा दिवस, डांबर चपलेला चिकटत होतं. तापलेल्या हवेत नॉक आणखी लवकर येतो, हे बाबारावांना कोणी सांगायला नको होतं. कठड्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होती आणि मांडवाच्या सावलीत कंपनीची तीन माणसं एकसारख्या टोप्या घालून बसली होती. शेजारच्या पट्ट्यावर भिलाईची गाडी येऊन उभी राहिली होती. बूस्टला हात लावायचा नाही, असं श्रीपादनं अनुश्रीला सगळ्यांदेखत बजावलं होतं. ती लॅपटॉप मिटून, तो छातीशी धरून कडेला उभी होती.

नीलेशनं गाडी रेषेवर आणली. बाबाराव नेहमीप्रमाणे पुढे गेले आणि बॉनेटवर उजवा तळहात ठेवून उभे राहिले. ही पद्धत लोकांना माहीत होती. भोंग्यावरून कोणीतरी काहीतरी सांगितलं असावं, कारण गर्दीनं टाळ्या वाजवल्या. त्या त्यांना दिसल्या. रेषेवर आल्यापासून एक मिनिट मिळतं, तेवढ्यात सुटली नाही तर गाडी बाद.

काचेपलीकडे हेल्मेटच्या फटीतून नीलेशचे डोळे त्यांच्या ओठांवर लागले होते. तो घरी जेवताना सुशीलेच्या पळीकडे बघायचा तसाच बघत होता, ती पळी भरलेलीच येणार याची खात्री असल्यासारखा.

बाबारावांनी तोंड उघडलं. दोन अक्षरांचा शब्द, म्हणायला असा कितीसा वेळ लागतो. हजार वेळा म्हटलेला. तो घशापर्यंत आला आणि तिथे त्यांना अचानक जाणवलं की या जगात आपल्या हातात दुसरं काहीच उरलेलं नाही. कान गेला, हात गेले, खोल्या कधी आपल्या नव्हत्याच. हा शब्द मात्र अजून आपला आहे. तो आपण म्हटला नाही तर दुसरं कोणी आपल्या वतीनं म्हणू शकत नाही, श्रीपादसुद्धा नाही. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. त्यांनी तोंड मिटलं.

त्यांनी मानही हलवली नाही. नुसते ओठ घट्ट मिटून, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. झेंडेवाला घड्याळाकडे बघू लागला. श्रीपाद कठड्याच्या आत धावत आला. त्याचं तोंड मोठं उघडलं होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बाबारावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं. हाताखाली इंजिन धडधडत होतं, पत्रा चटके देत होता, तरी हात त्यांनी काढला नाही. नीलेश श्रीपादकडे बघत होता, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा श्रीपादकडे. मग त्याचे डोळे परत बाबारावांच्या ओठांवर येऊन थांबले आणि तिथेच राहिले.

मग त्याचा हात खाली गेला. इंजिन बंद झालं, ते बाबारावांच्या तळहाताला कळलं.

शेजारची गाडी एकटीच सुटून गेली. सगळ्यांच्या माना तिच्यामागे वळल्या. श्रीपाद येऊन बरंच काही बोलला. त्यातलं बाबारावांना थोडं कळलं, "खोल्या" तर नीटच कळलं. कंपनीची माणसं मांडवातून उठून दुसऱ्या गाडीकडे चालली होती. बाबाराव ऐकत, म्हणजे बघत उभे राहिले आणि श्रीपादचं बोलून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात बॉनेटला लावले. बाद झालेली गाडी ढकलत मागे न्यायची असते. अनुश्रीनं लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि येऊन शेजारी हात लावला. नीलेश उतरून दारातून हात घालून स्टिअरिंग सांभाळत मागे मागे चालू लागला.

मांडवाच्या कडेला गाडी टेकली तेव्हा बाबारावांना धाप लागली होती. ते बॉनेटवर वाकून श्वास घेत होते. थोड्या वेळानं त्यांच्या दंडाला नीलेशचा हात लागला. बहुतेक तो आधीपासून काहीतरी विचारत असावा, दोनदा, तीनदा. मेकॅनिक, झेंडेवाले, भिलाईची पोरं, सगळी आजूबाजूला उभी होती.

"समोर येऊन बोल," बाबाराव म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, बहिऱ्या माणसाचा निघतो तसा. "मले ऐकू नाही येत."

नीलेशनं हेल्मेट काढलं आणि गाडीला वळसा घालून तो समोर आला.